ऑनलाइन सेवासंस्थेतील स्नेहभाव आणि समाजसेवा : रोटरी ई-क्लबच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

समान हेतूने एकत्र येणे ही माणसाची मूलभूत सामाजिक गरज आहे. महाराष्ट्रात भजनी मंडळे, तालमी, सार्वजनिक वाचनालये, गणेशोत्सव मंडळे आणि महिला मंडळे यांनी ही गरज पिढ्यान् पिढ्या भागविली. या संस्थांचे हेतू निरनिराळे असले तरी त्यांच्यात एक गोष्ट समान होती. त्यांचे सदस्य एकाच गावात किंवा पेठेत राहत आणि ठरलेल्या वेळी एका जागी जमत. एकत्र बसणे, एकत्र जेवणे आणि एकत्र काम करणे यांतूनच परस्परांविषयी आपुलकी निर्माण होत असे. ही आपुलकी वेगळी निर्माण करावी लागते, असे कोणाला वाटलेही नव्हते.

इंटरनेटच्या प्रसारानंतर ही स्थिती बदलली. परस्परांपासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या, काही वेळा एकमेकांना कधीच प्रत्यक्ष न भेटलेल्या व्यक्तींचे सेवाक्लब अस्तित्वात आले. अशा क्लबात स्नेहभाव निर्माण होऊ शकतो का? ज्या क्लबाला स्वतःचे गाव नाही तो समाजसेवा कोणाची आणि कशी करणार? हे प्रश्न सेवाक्षेत्रापुरते मर्यादित नाहीत. विद्यार्थ्यांना समाजाभिमुख करण्याची जबाबदारी असलेल्या महाविद्यालयीन अध्यापकांनाही ते लागू पडतात. रोटरी या आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेचे 'ई-क्लब' हे या प्रकाराचे प्रदीर्घ अनुभव असलेले उदाहरण आहे. त्याच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नांचे विवेचन केले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) सेवाक्लबाच्या कल्पनेत स्नेहभावाचे स्थान स्पष्ट करणे.
२) रोटरी ई-क्लबचा उगम व विकास यांचा आढावा घेणे.
३) ऑनलाइन सभा, सदस्यांमधील स्नेहभाव आणि प्रत्यक्ष समाजसेवा यांचा परस्परसंबंध तपासणे.
४) अशा क्लबांच्या मर्यादा व महाविद्यालयांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व सांगणे.

१. सेवाक्लबाची कल्पना : आधी परिचय, मग सेवा

रोटरीची स्थापना २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे झाली. संस्थापक पॉल हॅरिस हे व्यवसायाने वकील होते. त्यांचे बालपण अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यातील एका लहान गावात गेले होते. मोठ्या शहरात वकिली करताना ओळखी पुष्कळ झाल्या, परंतु गावातील जिव्हाळा मिळेना. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी आणखी तिघा व्यावसायिकांसह बैठक घेतली. पुढील बैठका आळीपाळीने निरनिराळ्या सदस्यांच्या कचेऱ्यांत होत असत. या फिरत्या क्रमावरूनच 'रोटरी' हे नाव पडले.

आरंभीच्या काळात मैत्री आणि सदस्यांनी परस्परांना व्यवसाय मिळवून देणे एवढाच या क्लबाचा हेतू होता. समाजसेवा नंतर आली. १९०७ च्या सुमारास शिकागो क्लबाने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी पुढाकार घेतला, तेव्हापासून क्लबाचे लक्ष सदस्यांच्या हिताकडून नागरिकांच्या हिताकडे वळले. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. रोटरीच्या अधिकृत उद्दिष्टांतही परिचय वाढविणे आणि त्या परिचयाकडे सेवेची संधी म्हणून पाहणे यांना पहिले स्थान आहे. म्हणजे या कल्पनेत परिचय हा सेवेचा पाया मानला आहे.

भारतात कोलकाता येथील क्लबाला १९२० च्या प्रारंभी सनद मिळाली. मुंबईचा क्लब १९२९ मध्ये सुरू झाला. पुढे महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या ठिकाणीही क्लब निघाले. आठवड्याची सभा, सभेतील व्याख्यान, सहभोजन आणि वर्षभरात रक्तदान, नेत्रतपासणी, शाळांना मदत असे उपक्रम, ही क्लबजीवनाची चौकट सर्वत्र रूढ झाली.

समाजशास्त्रात अशा संस्थांचे महत्त्व 'सामाजिक भांडवल' या संकल्पनेने स्पष्ट केले जाते. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट पटनम यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बोलिंग अलोन' या ग्रंथात अमेरिकेतील क्लब, मंडळे व संघटना यांतील सहभाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कसा ओसरत गेला, याची सविस्तर मांडणी केली. त्यांनी सामाजिक भांडवलाचे दोन प्रकार मानले. सारख्या लोकांना घट्ट बांधणारे भांडवल हा एक प्रकार, आणि भिन्न लोकांना परस्परांशी जोडणारे भांडवल हा दुसरा. तत्पूर्वी १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी, नवी माहिती व नव्या संधी जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखींतून अधिक मिळतात, असे प्रतिपादन केले होते. ऑनलाइन क्लब मुख्यतः जोडणारे भांडवल निर्माण करतो, असे स्थूलमानाने म्हणता येईल. मात्र सेवा दीर्घकाळ टिकण्यासाठी बांधणारे भांडवलही लागते. ते दूरस्थ सदस्यांत कसे निर्माण करावयाचे, हा ई-क्लबपुढील मुख्य प्रश्न आहे.

२. ई-क्लबचा उगम व विकास

'रोटरी ई-क्लब वन' या पहिल्या ई-क्लबला जानेवारी २००२ मध्ये सनद मिळाली. हा क्लब अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील प्रांताशी संलग्न होता. त्या काळात घरोघरी वेगवान इंटरनेट नव्हते आणि चित्रफितीद्वारे समोरासमोर बोलण्याची सोय सामान्य वापरात आली नव्हती. त्यामुळे आरंभीच्या ई-क्लबांची सभा संकेतस्थळावरील मजकुराच्या रूपात भरे. दर आठवड्याला नवा कार्यक्रम, म्हणजे एखादे व्याख्यान, लेख किंवा सेवाप्रकल्पाची माहिती, संकेतस्थळावर ठेवली जाई. सदस्य आपल्या सवडीने ती वाचत आणि आपला अभिप्राय लिहीत.

२००४ पासून रोटरीने निवडक क्लबांना घेऊन या पद्धतीचा पथदर्शी प्रयोग केला. रोटरीची 'कौन्सिल ऑन लेजिस्लेशन' ही नियम करणारी परिषद दर तीन वर्षांनी भरते. २०१० च्या परिषदेने ई-क्लबांना कायम मान्यता दिली, परंतु एका प्रांतात दोनच ई-क्लब असावेत अशी मर्यादा घातली. २०१३ च्या परिषदेने ही मर्यादा काढून टाकली. २०१६ मध्ये सर्वच क्लबांना आपली सभा प्रत्यक्ष, ऑनलाइन किंवा मिश्र पद्धतीने घेण्याची मुभा मिळाली आणि साप्ताहिक सभेऐवजी महिन्यातून किमान दोन सभांचे बंधन राहिले. साधा क्लब आणि ई-क्लब यांतील नियमात्मक भेद त्यामुळे जवळजवळ संपला. ज्या पद्धतीकडे चौदा वर्षांपूर्वी अपवाद म्हणून पाहिले जात होते, ती पद्धत सर्वांसाठी खुली झाली.

या निर्णयाची खरी कसोटी २०२० मध्ये लागली. मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी लागू झाल्यावर भोजनासह होणाऱ्या सभा अशक्य झाल्या आणि पारंपरिक क्लबही पडद्यावर भेटू लागले. ई-क्लबांनी अठरा वर्षांत जे अनुभवाने शिकून घेतले होते ते इतरांना अचानक शिकावे लागले. सभा पडद्यावर भरविणे फारसे कठीण नाही, परंतु सभेनंतरच्या गप्पा पडद्यावर आपोआप होत नाहीत, ही गोष्ट तेव्हा अनेकांच्या प्रत्ययास आली.

३. ऑनलाइन सभा : उपस्थितीचा बदललेला अर्थ

रोटरीत उपस्थितीला मोठे महत्त्व आहे. सदस्य आपल्या क्लबाच्या सभेस येऊ शकला नाही, तर त्याने अन्य क्लबाच्या सभेस जाऊन ती अनुपस्थिती भरून काढावी, अशी प्रथा आहे. रोटेरियनांच्या बोलीत याला 'मेकअप' म्हणतात. ही भरपाई सभेच्या आधी किंवा नंतर चौदा दिवसांत करावी, असा नियम दीर्घकाळ होता. क्लबाच्या संकेतस्थळावर सरासरी ३० मिनिटे सहभाग लागेल अशा उपक्रमात भाग घेतल्यास तीही भरपाई मानण्याची तरतूद पुढे झाली. ई-क्लबांच्या प्रसारास या तरतुदीचाही हातभार लागला, कारण प्रवासात असलेला कोणत्याही क्लबाचा सदस्य ई-क्लबाच्या संकेतस्थळावर येऊन आपली उपस्थिती भरून काढू शकत असे.

सर्वांनी एकाच वेळी पडद्यावर येणे आणि प्रत्येकाने आपल्या सवडीने आठवडाभरात सहभागी होणे, अशा दोन पद्धतींनी ऑनलाइन सभा घेता येते. दोहोंचे गुणदोष निराळे आहेत. एकाच वेळच्या सभेत चेहरे दिसतात, आवाज ऐकू येतात, विनोद होतो. परंतु भारत, आखाती देश आणि अमेरिका येथे विखुरलेल्या सदस्यांना सोयीची एकच वेळ सापडणे अवघड असते. मुंबईत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळ असते आणि तेथील सदस्य कामावर निघालेला असतो. सवडीच्या सभेत ही अडचण येत नाही. शिवाय बुजरा सदस्य विचार करून लिहू शकतो. समोरासमोरच्या सभेत ज्यांचा आवाज मोठा तेच बोलतात, हा दोष येथे कमी होतो. मात्र सवडीची सभा लवकरच वाचनाची आणि हजेरीची औपचारिकता बनू शकते.

प्रत्यक्ष सभेत कोणी आले नाही तर रिकामी खुर्ची दिसते. शेजारी बसणारा विचारतो, संध्याकाळी घरी चक्कर मारतो. ऑनलाइन सभेतील अनुपस्थिती अशी डोळ्यांत भरत नाही. संकेतस्थळावरील नोंदीतून कोणी पान उघडले नाही हे समजते, पण का उघडले नाही हे समजत नाही. सदस्य कामात गुंतला असेल, कंटाळला असेल किंवा रुग्णालयात असेल. प्रत्यक्ष क्लबात जी विचारपूस सहज होते ती ऑनलाइन क्लबात कोणाचे तरी ठरलेले काम असावे लागते. उपस्थितीची नोंद ठेवणारा चिटणीस आणि अनुपस्थिताला फोन करणारा सहकारी ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम कोणाकडेच नसेल, तर क्लबाची सदस्यसंख्या कागदावर टिकते आणि क्लब आतून रिकामा होत जातो.

४. स्नेहभाव : सेवेची अट

ऑनलाइन क्लबात स्नेहभाव हवा कशाला, सेवा झाली म्हणजे पुरे, असा युक्तिवाद केला जाऊ शकतो. पण ऑनलाइन क्लबात स्नेहभावाची गरज पारंपरिक क्लबापेक्षा अधिक असते. त्याचे कारण सेवाप्रकल्पाच्या निवडीत आहे.

समजा, एखाद्या तालुक्याच्या गावातील पारंपरिक क्लबापुढे असा प्रस्ताव आला की, जवळच्या माध्यमिक शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, ते बांधून द्यावे. क्लबातील कोणीही सदस्य दुसऱ्या दिवशी दुचाकीवरून जाऊन शाळा पाहून येऊ शकतो. मुख्याध्यापक बहुधा कोणाच्या तरी ओळखीचे असतात. शाळेला पाण्याची जोडणी आहे का, पूर्वी कोणी बांधकाम करून दिले होते का, ते कशामुळे बंद पडले, हे गावात सर्वांना ठाऊक असते. हाच प्रस्ताव ऑनलाइन क्लबापुढे येतो तेव्हा त्या शाळेजवळ राहणारा सदस्य एकच असतो. उरलेल्या सदस्यांपुढे चार छायाचित्रे, एक अंदाजपत्रक आणि त्या एका सदस्याचा शब्द असतो. त्यांनी पैसे द्यावेत, वेळ द्यावा, आपल्या ओळखी वापराव्यात, ते त्या शब्दाच्या भरवशावर.

हा भरवसा एखाद्या अर्जाने निर्माण होत नाही. तो त्या सदस्याला महिनोन् महिने ऐकल्याने, वाचल्याने, लहान कामांत त्याची सचोटी पाहिल्याने निर्माण होतो. त्याने पूर्वी एखादा प्रस्ताव स्वतःहून मागे घेतला होता का, खर्चाचा हिशेब न मागता दिला होता का, दुसऱ्याच्या प्रकल्पात राबला होता का, या गोष्टी सहकाऱ्यांच्या स्मरणात असतात. म्हणून ऑनलाइन क्लबातील स्नेहभाव हा पडताळणीच्या व्यवस्थेचाच भाग ठरतो. जेथे सदस्य परस्परांना ओळखत नाहीत तेथे दोनच शक्यता उरतात. आकर्षक छायाचित्रे असलेल्या प्रस्तावाला आंधळेपणाने पैसे दिले जातात किंवा संशयाने सर्वच प्रस्ताव नाकारले जातात. दोन्हींत गरजूचे नुकसान आहे.

स्नेहभाव म्हणजे अर्थातच आंधळा विश्वास नव्हे. जवळच्या मित्राला हिशेब विचारण्याचा संकोच वाटणे हा घट्ट मैत्रीचा नेहमीचा धोका आहे. म्हणून चांगला क्लब दोन्ही गोष्टी एकत्र ठेवतो. प्रस्ताव मांडणाऱ्यावर विश्वास ठेवला जातो, आणि पावत्या, कामाच्या टप्प्यांची छायाचित्रे व त्रयस्थाची भेट यांची मागणी सर्वांकडे सारखीच केली जाते. नियम सर्वांना सारखा असला म्हणजे हिशेब विचारणे हा अविश्वास ठरत नाही.

दूरस्थ सदस्यांत असा परिचय वाढविण्यासाठी पुढील साध्या उपायांचा उपयोग होतो :

१) नव्या सदस्याला जुना सदस्य सोबती म्हणून देणे व पहिले काही महिने दोघांनी दर आठवड्याला बोलणे.
२) सभेत एका सदस्याने आपला व्यवसाय, गाव व तेथील प्रश्न यांचा परिचय करून देणे. व्यवसायपरिचयाची ही प्रथा रोटरीत जुनीच आहे.
३) मोठ्या सभेतून तीन-चार जणांचे लहान गट करून अनौपचारिक बोलण्यास वेळ देणे.
४) वाढदिवस, आजारपण, दुःखद प्रसंग यांची दखल घेण्याची जबाबदारी नावानिशी सोपविणे.
५) वर्षातून एकदा तरी, शक्यतो एखाद्या सेवाप्रकल्पाच्या ठिकाणी, प्रत्यक्ष भेटणे.

शेवटचा उपाय ऑनलाइन क्लबाच्या तत्त्वाशी विसंगत वाटेल, पण तसे नाही. अनेक दिवस पडद्यावर भेटलेली माणसे एक दिवस एकत्र काम करतात तेव्हा पुढील वर्षभराच्या संभाषणाला आधार मिळतो.

५. समाजसेवा : कामाची वाटणी

ऑनलाइन क्लबाच्या सेवाकार्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी कामांचे दोन गट करणे सोयीचे आहे. पहिल्या गटात दुरून करता येणारी कामे येतात. विद्यार्थ्यांना शिकविणे व व्यवसायमार्गदर्शन करणे, अंध वाचकांसाठी पुस्तकांचे ध्वनिमुद्रण, भाषांतर, लहान संस्थांचे हिशेब लिहिणे, निधीसाठी अर्ज तयार करणे ही त्याची उदाहरणे. या कामांत सदस्याचे व्यावसायिक कौशल्य थेट उपयोगी पडते. दुसऱ्या गटातील कामे जागेवरच करावी लागतात. रक्त देण्यासाठी हात पुढे करावा लागतो, झाड लावण्यासाठी खड्डा खणावा लागतो.

पोलिओ निर्मूलनाचे कार्य या दोन गटांचा परस्परसंबंध स्पष्ट करते. रोटरीने १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' हा जागतिक कार्यक्रम सुरू केला. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम राबविण्यात आली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित केला. या यशात शासन व आंतरराष्ट्रीय संस्थांचा निधी आणि नियोजन होते. परंतु प्रत्येक बालकाच्या तोंडात दोन थेंब घालण्यासाठी बूथवर बसणारा आणि दारोदार फिरणारा माणूसच लागला. निधी, लोकजागृती व पाठपुरावा दुरून होऊ शकतो. थेंब मात्र दुरून पाजता येत नाहीत. ऑनलाइन क्लबाने आपले स्थान याच वाटणीत शोधावयाचे असते.

रोटरी फाउंडेशनच्या 'ग्लोबल ग्रँट' या अनुदानाच्या अटींतही ही वाटणी दिसते. या अनुदानासाठी प्रकल्पाचे अंदाजपत्रक किमान ३०,००० अमेरिकन डॉलरचे असावे लागते. प्रकल्प जेथे होणार तेथील एक यजमान भागीदार आणि दुसऱ्या देशातील एक भागीदार असावा लागतो. अर्जापूर्वी त्या समाजाच्या गरजांची पाहणी करणेही बंधनकारक आहे. अनेक गावांत व देशांत सदस्य असलेला ई-क्लब दुसऱ्या देशातील भागीदार शोधून देण्यास स्वाभाविकच अनुकूल असतो. गरजांची पाहणी मात्र स्थानिक लोकांशी बोलूनच करावी लागते.

परदेशस्थ सदस्यांच्या देणग्यांबाबत कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी लागते. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार परदेशी देणगी स्वीकारण्यास भारतीय संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक असते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील विशिष्ट खात्यातच घ्यावी लागते आणि एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास मनाई आहे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून दिलेली रक्कम परदेशी देणगी मानली जात नाही. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाची रक्कम परदेशीच मानली जाते. त्यामुळे एकाच क्लबातील दोन मराठी मित्रांच्या सारख्याच रकमेला भिन्न नियम लागू होऊ शकतात. याची जाण नसेल तर सद्हेतूने पाठविलेला पैसा शाळेला अडचणीत आणू शकतो.

माहितीची अचूकता हाही सेवेचाच भाग आहे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोविडच्या दुसऱ्या लाटेत रुग्णखाटा, प्राणवायू व औषधे यांच्या याद्या समाजमाध्यमांवर वेगाने फिरत होत्या. त्यांतील बरीच माहिती काही तासांतच निरुपयोगी होत असे. त्या वेळी यादी पुढे पाठविणाऱ्यापेक्षा दूरध्वनी करून ती पडताळणारा व बाद झालेल्या नोंदी काढणारा स्वयंसेवक अधिक मोलाचा ठरला. असे काम घरात बसून, आजारी नातेवाइकाची शुश्रूषा करतानाही करता येण्याजोगे होते.

६. समावेशन आणि मर्यादा

ऑनलाइन क्लबामुळे कोणाला प्रवेश मिळतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. रोटरीचे सदस्यत्व दीर्घकाळ केवळ पुरुषांना होते. १९८७ मधील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर १९८९ मध्ये रोटरीने आपल्या नियमांतून ही अट काढली. नियमाने दार उघडले तरी संध्याकाळची सभा, भोजनाचा खर्च आणि रात्री घरी परतण्याचा प्रश्न यांमुळे अनेक स्त्रियांना ते दार अर्धेच उघडे राहिले. लहान मुलांच्या माता, वृद्धांची सेवा करणारे, शारीरिकदृष्ट्या विकलांग, वारंवार बदली होणारे कर्मचारी आणि क्लब नसलेल्या गावांतील रहिवासी यांना ऑनलाइन क्लबाने खऱ्या अर्थाने प्रवेश दिला. भोजनाचा खर्च नसल्याने आर्थिक भारही कमी होतो.

दुसऱ्या बाजूस काही अडसर नव्याने उभे राहतात. स्थिर इंटरनेट, स्वतंत्र खोली व उपकरण हाताळण्याचा सराव नसलेली व्यक्ती येथे मागे पडते. क्लबाचा व्यवहार इंग्रजीत असेल तर मराठीत उत्तम विचार मांडणारा सदस्य गप्प बसतो. लाभार्थींची, विशेषतः मुलांची, छायाचित्रे देणगीदारांना दाखविण्याचा मोह ऑनलाइन क्लबात अधिक असतो, कारण कामाचा पुरावा म्हणून तेवढेच हाती असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने संमतीला महत्त्व दिले आहे. तथापि, कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी, मदत घेणाऱ्याची प्रतिष्ठा राखणे हे सेवेचे पहिले पथ्य आहे.

७. महाविद्यालयांच्या दृष्टीने महत्त्व

महाविद्यालयांत सेवाकार्याची परंपरा जुनी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत झाला. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावी आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे. दत्तक गाव हा तिचा कणा आहे. युवकांसाठीचा रोटरॅक्ट हा उपक्रम १९६८ मध्ये सुरू झाला असून अनेक महाविद्यालयांत त्याचे क्लब आहेत. दत्तक गावाची योजना जागेशी बांधलेली आहे, तर ई-क्लब जागेपासून मोकळा आहे. म्हणून ही दोन रूपे परस्परपूरक ठरू शकतात.

पदवी घेऊन बाहेर पडलेला स्वयंसेवक नोकरीनिमित्त पुण्याला, बंगळूरूला किंवा परदेशी जातो आणि दत्तक गावाशी त्याचा संबंध तुटतो. माजी स्वयंसेवकांचा ऑनलाइन क्लब हा संबंध टिकवू शकतो. आजचे विद्यार्थी गावात राहून गरज पाहतील व पडताळतील आणि माजी विद्यार्थी दुरून कौशल्य, निधी व मार्गदर्शन पुरवतील. सात दिवसांच्या शिबिरात एकत्र राहिल्याने आलेला परिचय हे अशा क्लबाचे आयते भांडवल असते. कार्यक्रम अधिकाऱ्याने त्यासाठी माजी स्वयंसेवकांची यादी, एक निश्चित दत्तक गाव आणि किमान पाच वर्षे चालणारे एखादे काम यांपासून आरंभ करणे व्यवहार्य ठरेल.

निष्कर्ष :

१) सेवाक्लबाच्या मूळ कल्पनेत परिचय हा सेवेचा पाया आहे. ऑनलाइन क्लबातही हा क्रम बदलत नाही.
२) पारंपरिक क्लबात सहवासातून आपोआप होणारी विचारपूस ऑनलाइन क्लबात जबाबदारी म्हणून नेमून द्यावी लागते.
३) दूरच्या गरजेची खात्री बहुतेक सदस्यांना स्वतः करता येत नाही. ती एका सहकाऱ्याच्या शब्दावर अवलंबून असते. म्हणून स्नेहभाव ही अशा क्लबात सेवेची अट ठरते.
४) दुरून करता येणारे आणि जागेवर करावे लागणारे काम यांची स्पष्ट वाटणी व स्थानिक भागीदार यांशिवाय ऑनलाइन क्लबाचे सेवाकार्य यशस्वी होत नाही.
५) ऑनलाइन क्लब काही वंचित घटकांना प्रवेश देतो, तर भाषा, साधने व सराव यांमुळे अन्य काहींना दूर ठेवतो.

समारोप :

ऑनलाइन क्लबाला स्वतःचे गाव नसते, ही त्याची उणीव मानली जाते. परंतु त्याच्या प्रत्येक सदस्याला स्वतःचे गाव असते. प्रत्येकाने आपल्या गावाची गरज प्रामाणिकपणे क्लबापुढे मांडली आणि इतरांनी ती आपली मानली, तर एक क्लब अनेक गावांच्या उपयोगी पडू शकतो. दुसऱ्याच्या गावाची गरज आपली वाटण्यासाठी त्या माणसाशी आधी ओळख असावी लागते. तंत्रज्ञानाने अंतराची अडचण बरीच कमी केली आहे. ओळख वाढविण्याचे काम मात्र सदस्यांनाच, वेळ देऊन आणि चिकाटीने, करावे लागते.